शहाणपणापेक्षा खाऊ गोड

पाहुणे आले की बालवाडीतल्या पोराला उभे करून 'ट्विंकल ट्विंकल' म्हणवून घेणाऱ्या आईबापांनी त्या चालीचे कूळ एकदा जाणून घ्यावे. चाल इंग्रजी नव्हे, फ्रेंच. १७६१ साली ती फ्रान्समध्ये छापली गेली, तीही शब्दांविना. पुढे तिच्यावर एका तरुणीने आईपाशी दिलेली प्रेमाची कबुली गायली जाऊ लागली. मोझार्टने याच चालीची बारा रूपे पियानोसाठी रचली; ती १७८५ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झाली. इंग्लंडच्या जेन टेलरची ताऱ्यावरची कविता आली १८०६ मध्ये, आणि या चालीशी तिची गाठ पडली त्याहून नंतर.

फ्रान्समधली मुले मात्र या चालीवर निराळेच गातात. त्यात मूल आईला आपले दुःख सांगते: बाबांना वाटते, मी मोठ्या माणसासारखा विचार करावा, मला तर शहाणपणापेक्षा खाऊच आवडतो!

म्हणूनच हे गाणे मला जवळचे वाटते. मुलाची बाजू घेणारे गाणे तिथल्या मोठ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या जपले. आणि आपण? त्याच चालीवर चार वर्षांच्या जिवाची परीक्षा घेतो!

गाणे जरूर शिकवावे. पण पाहुण्यांसाठी नव्हे, मुलासाठी. मध्येच अडखळले, तर डोळे वटारू नयेत. हातावर खाऊ ठेवावा.