फुकट आहे, पण सापडत नाही

महाड किंवा पोलादपूरच्या बाजारपेठेत ‘सातबारा, दाखले, ऑनलाइन अर्ज’ असा फलक शोधत हिंडावे लागत नाही. त्या फलकाखाली बसलेला तरुण जे काम पैसे घेऊन करतो, त्यातील बराच भाग ज्याच्याजवळ संगणक किंवा बरा मोबाइल आहे त्याला घरबसल्या फुकट करता येतो. ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. तरीही ती फारशी अमलात येत नाही. याचा दोष ग्राहकाच्या आळसावर ढकलणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. विकाऊ वस्तूच्या मागे विक्रेता उभा असतो, त्याची जाहिरात असते. मोफत वस्तूला फक्त एक पत्ता असतो, आणि तोही बहुधा इंग्रजी अक्षरांत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या दोन तालुक्यांत हा प्रश्न वीस-पंचवीस रुपये वाचवण्याइतका किरकोळही नाही. तो कसा, ते पुढे येईलच.

आधी सातबाऱ्याचे पाहू. शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक दिला की उतारा माहितीपुरता विनामूल्य दिसतो. कायदेशीर कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो आणि त्याचे शासकीय शुल्क १५ रुपये आहे. पोलादपूरच्या खोऱ्यांतील कितीतरी घरांचे कर्ते पुरुष मुंबई-ठाण्यात असतात. आपल्या जमिनीवर कोणता फेरफार नोंदवला गेला हे त्यांना पूर्वी गणपतीला किंवा शिमग्याला गावी गेल्यावरच कळत असे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने या पट्ट्यातील जमिनींना जे महत्त्व आले, ते पाहता वर्षातून दोनदा आपला उतारा आपणच उघडून पाहणे ही चैन नव्हे.

अडचण अशी की शोधयंत्रात ‘सातबारा’ टाइप केले की शासनाच्या पत्त्याआधी कधी जाहिरात येते, कधी शासकीय वाटेल अशा नावाचे खासगी ॲप. त्यातील काही निरुपद्रवी असतात, काही नुसत्या जाहिराती दाखवतात, तर काही फुकटची सेवा पैसे घेऊन देतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे की नाही, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. कारण हे शेपूट सरकारी यंत्रणांखेरीज कोणाला मिळत नाही. शाळांत ही गोष्ट पाढ्यांसारखी शिकवायला हवी.

संगणकात घालायच्या आज्ञावलींची कथा याहून गुंतागुंतीची आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने स्वातंत्र्य आणि विनामूल्यता या दोन्हींचा बोध होतो, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केल्यापासून त्या चळवळीला हा फरक समजावून सांगावा लागतो आहे. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन शब्द आयते आहेत. तरी घोटाळा व्हायचा तो होतोच. लिब्रे ऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी ही मुक्त साधने आहेत. त्यांची आज्ञावली कोणालाही तपासता येते, ती कितीही संगणकांवर चढवता येतात आणि त्यांची मुदत संपत नाही. याउलट तीस दिवसांनंतर पैसे मागणारी किंवा वापरणाऱ्याची माहिती विकून जगणारी साधने मोफत असली तरी मुक्त नव्हेत. तिसरा प्रकार चोरीच्या प्रतींचा. विंडोज आणि ऑफिसची ‘क्रॅक’ प्रत तालुक्याच्या ठिकाणी अजूनही सहज मिळते आणि ती देणारा माणूस ‘हे फ्रीमध्ये टाकून देतो’ असेच म्हणतो. ती चालू होण्यासाठी आधी विषाणूरोधक बंद करावा लागतो. घराचे दार उघडे ठेवून कुलूप फुकट मिळाल्याचा आनंद मानण्यासारखेच हे आहे.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे सर्वसाधारण साहाय्य थांबवले. ‘विंडोज ११’ पेलण्याची क्षमता नसलेले असंख्य चालते संगणक त्यामुळे भंगाराच्या उंबरठ्यावर आले. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी प्रणाली चढवली तर पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, संकेतस्थळे पाहणे आणि चित्रफिती लावणे ही घरातील आणि लहान दुकानातील बहुतेक कामे ते आणखी काही वर्षे करू शकते. मग लोक ती का वापरत नाहीत? एक कारण आपल्या शिक्षणात आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने या राज्यातील लाखो लोकांच्या मनातील संगणकाची भीती घालवली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस म्हणजेच संगणक, हे समीकरणही त्याच वर्गांत पक्के झाले. ज्यांना ते मोडायचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम आहे. लिब्रे ऑफिस, लिनक्स, जिंप यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ तेथे चक्क मराठीत विनामूल्य मिळतात. दुर्दैव इतकेच की त्या संकेतस्थळाचे नाव महाविद्यालयांच्या बाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

मराठी लेखनाचीही तीच कथा. ‘मराठी फॉन्ट फ्री डाउनलोड’ असा शोध आजही घेतला जातो आणि त्यातून नको ते संगणकात शिरते. वास्तविक युनिकोड मराठीसाठी काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत मराठी कळफलक आधीपासून असतो. तो फक्त चालू करायचा. जुन्या पद्धतीच्या खासगी टंकांत लिहिलेला ठराव दुसऱ्याच्या संगणकावर उघडताच अक्षरांचा खिचडा होतो, ही डोकेदुखी युनिकोडने कधीच संपवली आहे. देखणे टंक हवेच असतील तर मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, मराठी विश्वकोश आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके महाजालावर विनामूल्य आहेतच, त्यांविषयी वेगळे सांगायला नको.

संगणकात काही भलतेच शिरल्याची शंका आली तर केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रावर सफाईची साधने मोफत मिळतात. पैसेच गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितके बरे.

आता पाण्याकडे वळू. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीने महाड शहराला वेढले, बाजारपेठेतील तळमजले बुडाले आणि त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांनी हेच भोगले होते. पुरात दुकानांतील माल गेला, तसेच संगणक, हिशेबाच्या वह्या आणि कपाटांतील कागदपत्रेही गेली. डिजिलॉकर ही सोय २०१५ पासून आहे. त्यात संबंधित खात्याकडून आलेली प्रमाणपत्रे कायद्याने मूळ प्रतीसमान मानली जातात. दुकानाच्या हिशेबाची प्रत दर आठवड्याला महाजालावरील मोफत साठवणीत ठेवायलाही काही पडत नाही. हे सारे पूर ओसरल्यावर आठवते, ही गोष्ट वेगळी.

पण त्याहून मोलाची माहिती पावसाची. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि तेथेच गांधारी व काळ या नद्यांचे पाणी तिच्या दिमतीला येते. म्हणजे महाडमध्ये किती पडला यापेक्षा वर घाटमाथ्यावर किती पडला, हे महाडकरांनी पाहायला हवे. २०२१ च्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवामान खात्याचे संकेतस्थळ हा आकडा देते, तर कृषी विभागाच्या ‘महारेन’वर तालुका आणि महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस पाहता येतो. महाड येथे सावित्रीची धोक्याची पातळी ६.५० मीटर आहे आणि पावसाळ्यात जिल्हा प्रशासन नदीची रोजची पातळी प्रसिद्ध करते. हे तीन आकडे एकत्र ठेवून पाहण्याची सवय ज्याला आहे, त्याला भरतीची वेळही लक्षात घेता येते, कारण बाणकोटच्या खाडीत भरती असली की वरचे पाणी तुंबते. ही आकडेमोड करण्यास कोणतीही खास आज्ञावली लागत नाही. साधा तक्ता पुरतो.

दरडींच्या बाबतीत मात्र माहिती असूनही हाती लागत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून १:५०,००० प्रमाणावर दरडप्रवणतेचे नकाशे तयार केले आणि ते ‘भूकोश’ या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. इस्रोच्या ‘भुवन’वर उपग्रहचित्रे आहेत. पण ही संकेतस्थळे भूगर्भशास्त्रज्ञांना समोर ठेवून केलेली आहेत, तळकोकणच्या घरमालकाला नव्हे. शिवाय गावाच्या नावाची रोमन लिपीतील अक्षरे कोणती, हे कोडे असतेच. एकट्या तळीयेचे स्पेलिंग २०२१ च्या इंग्रजी बातम्यांत किमान दोन-तीन तऱ्हांनी छापून आले.

याहून मोठी उणीव वाडीची आहे. या डोंगराळ भागात माणसे राहतात ती वाड्यांवर. जनगणना आणि महसुली दप्तर मात्र गाव मोजते. दरड गावावर कोसळत नाही, वाडीवर कोसळते. तळीयेतही ती कोंडाळकरवाडीवर कोसळली. मदतपथकाच्या हातातील नकाशावर ती वाडीच नसेल तर त्याने जायचे कुठे? येथे ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेला ‘ओपन स्ट्रीट मॅप’ उपयोगी पडू शकतो. हा नकाशा कोणीही विनामूल्य वापरू आणि सुधारू शकतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत रेखाटले आणि मदतपथकांनी ते वापरले. वाडी, पायवाट, साकव, उंचावरची शाळा, सारे त्यात देवनागरी नावानिशी नोंदवता येते. ऑस्मअँडसारख्या ॲपमध्ये हा नकाशा आधीच उतरवून ठेवला तर इंटरनेट नसतानाही तो मोबाइलवर उघडतो, आणि २०२१ मध्ये वीज व मोबाइल यंत्रणा कोलमडल्यावर नेमकी हीच गरज होती.

अर्थात बाहेरचा स्वयंसेवक छप्पर ओळखेल, पण त्या छपरांचे नाव त्याला चित्रातून दिसणार नाही. ते महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयांतील मुलांना आणि मुंबईकर चाकरमान्यांनाच भरावे लागेल. त्यासाठी मे महिना सोयीचा. तेव्हा नेटवर्क असते, मंडळी गावी आलेली असतात आणि कोणता ओढा कोणत्या साली फुटला होता ते बोट दाखवून सांगणारी जुनी माणसे ओटीवर भेटतात.