सरासरीवर गाडी मिळत नाही

मंडळी, परवा पुतण्या पुण्याहून आला होता. कारखान्यातली यंत्रं चालवणारे संगणक बनवतो. म्हणाला, "काका, नवा प्रोसेसर काम कमी असलं की आपोआप वेग उतरवतो. वीज वाचते, आणि सरासरी वेळेत फारसा फरक पडत नाही."

इथेच माझं डोकं फिरलं.

बुलढाण्याहून मलकापूरला रेल्वे पकडायला निघालेला माणूस एस.टी.च्या सरासरी वेगावर विसंबतो का? राजूर घाटात गाडी किती रेंगाळेल, ते धरूनच तो घर सोडतो.

इथेही तेच. समजा, एका कामाला प्रोसेसरचे 40 लाख ठोके लागतात. 2 गिगाहर्ट्झला ते 2 मिलिसेकंदांत होतं, 800 मेगाहर्ट्झला 5 लागतात. मुदत 4 ची असेल तर? गाडी गेली! वेग पुन्हा चढवायलाही थोडा वेळ जातोच. आणि ठोके मोजून वेळ ठरवणारा प्रोग्राम असेल, तर त्याचं घड्याळच चुकतं.

वीज वाचवू नका, असं मी म्हणत नाही. वेगाबरोबर व्होल्टेजही उतरलं की बचत मोठी होते. मोबाइलला ते शोभतं. पण धावतं यंत्र ठरल्या क्षणी थांबवायचं असेल, तिथे वेग बांधून ठेवा (लिनक्समध्ये तशी सोय आहे), नाहीतर सगळ्यात मंद वेग धरून हिशेब मांडा. 'बहुतेक वेळा जमतं' हे उत्तर तिथे चालत नाही. न जमलेल्या त्या एका वेळी पात्याखाली कुणाचा तरी हात असू शकतो.

पुतण्या गप्प बसला. तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा.