सुनेचं शिक्षणही सासरी येऊ द्या



मागच्या आठवड्यात शेजारची नवी सून पापड लाटायला आली होती. जळगावकडची, बी.कॉम.ची दोन वर्षं झालेली. "काकू, तिसरं वर्ष इथे पालघरला करता येईल का हो?" तिनं विचारलं आणि मला 1981 साल आठवलं.

मीही सांगलीकडे बी.कॉम.ची दोन वर्षं करून बोईसरला आले. यांची नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत. कॉलेजात विचारलं तर उत्तर मिळालं, विद्यापीठ वेगळं, पुन्हा पहिल्या वर्षापासून बसा. शेवटी सहा महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी राहिले आणि तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली. कर्माचा हिशेब जीवाबरोबर जन्मोजन्मी जातो म्हणतो आपण. माझ्या अभ्यासाचा हिशेब मात्र खंडाळ्याचा घाटही उतरला नाही!

आता सोय झाली आहे. 2021 मध्ये 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. बँकेसारखंच खातं, डिजिलॉकरमधून उघडायचं. पदवीच्या एका वर्षाचे साधारण 40 क्रेडिट, तीन वर्षांचे 120. ते खात्यात जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेत नेता येतात.

पण कॉमर्सवाली म्हणून मी बारीक अक्षरंही वाचते. पदवी देणाऱ्या संस्थेतच किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. म्हणजे 120 पैकी बाहेरचे फक्त 60. या मुलीचे 80 असले तरी 20 वाया, म्हणजे अर्ध्या वर्षाचे कष्ट. दुसरं, क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. लग्न, दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण, यात सात वर्षं कशी जातात ते आपल्याला ठाऊक आहे.

संस्थेला आपल्या पदवीचा दर्जा राखायचा असतो, हे मान्य. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा करांची जुनी पुस्तकं रद्दीतच गेली. पण जमा-नावेचा नियम काही बदलला नाही. सगळंच बाद करण्याऐवजी बदललेल्या विषयाची एक परीक्षा घ्या. आणि लग्नामुळे किंवा बदलीमुळे गाव सुटलेल्यांसाठी निम्म्याची अट सैल करा.

तोवर मुलींच्या आयांनो, लग्नपत्रिका छापण्याआधी लेकीचं हे खातं उघडलंय ना, कॉलेजनं त्यात क्रेडिट भरलेत ना, ते बघा. दागिन्यांची यादी आपण तीनदा तपासतोच की!

सोमवारी मी शेजारच्या सुनेला घेऊन पालघरला चौकशीला जाणार आहे. पापड नंतर लाटू.