पोरांच्या हाती झाडू, थोरांच्या हाती किल्ली

वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही गावी पारावर घटकाभर बसा. दोन गाऱ्हाणी हटकून ऐकू येतात. थोर म्हणतात, "आजकालच्या पोट्ट्यांत काही राम नाही. मोबाईलात मुंडी घालून बसतात, गावाच्या कामाला एक येत नाही." पोरे म्हणतात, "आम्हाला विचारतो कोण? सतरंज्या उचलायला बोलावतात, आणि हिशोब विचारला की आमचे वय काढतात." मराठी शाळेत मुले शिकविण्यात आमची निम्मी हयात गेली. पहिले गाऱ्हाणे करणारे आमच्या बरोबरीचे, दुसरे करणारे आमचे जुने विद्यार्थी. आमचे मत विचाराल तर पोरांचे गाऱ्हाणे अधिक खरे आहे.

सरकारने तरुणांसाठी काही केले नाही असे कोणी म्हणू नये. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना निघाली, १९७२ साली नेहरू युवा केंद्रे निघाली, २०२३ साली 'मेरा युवा भारत' निघाले. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. २०१८ साली देशातील मागे पडलेल्या, म्हणजे सरकारी भाषेत आकांक्षित, जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव चढले. योजना आहेत, कचेऱ्या आहेत, कागदही उदंड आहेत. मग गावचे युवक मंडळ ओसाड का?

२०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणाप्रमाणे युवक म्हणजे १५ ते २९ वर्षांचा माणूस. आता आपल्या गावच्या मंडळाची पाटी वाचा. पाटीवर 'युवक मंडळ', आणि अध्यक्षांची नातवंडे आमच्या पहिलीच्या वर्गात! याचे मूळ कागदात आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे मंडळ नोंदवायला निदान सात माणसे लागतात. त्या सातांनी ऐन तारुण्यात सह्या केल्या. पुढे पदाधिकारी बदलले तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कचेरीत बदल अर्ज द्यावा लागतो. तो कोणी दिला नाही, कारण बदल कोणाला नकोच होता. नवी पोरे काम करू लागली तरी कागदावर जुनीच नावे आणि बँकेच्या पुस्तकावर जुनीच सही. समाजमंदिराची किल्लीही जुन्याच कमरेला. वरून काही आले की ते कागदावरच्या नावाला मिळते. घाम गाळणाऱ्याचे नाव कागदावर नाही.

दुसरा दोष वरचा. कार्यक्रम काय आणि कोणत्या तारखेला, हे ठरवणाऱ्याने आपले वावर पाहिलेले नसते. युवा दिन १२ जानेवारीला, तेव्हा आमच्याकडे तुरीची कापणी-मळणी. सेवा योजनेचा दिवस २४ सप्टेंबरला, तेव्हा सोयाबीन सोंगायला टेकलेले. मजुरी टाकून पोरगा येणार कसा? मग शाळेतली लहान मुले आणून बसवतात, फलक बांधतात, फोटो काढतात, हजेरीच्या कागदावर सह्या घेतात आणि अहवाल रवाना करतात. वरच्याला आकडा मिळाला, खालच्याला चहा मिळाला, गावाला काय मिळाले ते कोणी विचारू नये. भटजीवाचून चाललेले हे नवे कर्मकांडच होय.

१८७३ साली याच २४ सप्टेंबरला जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे त्याचे मुख्य सांगणे. आज सरकार आणि गावचा पोरगा यांच्यामध्ये दलाल बसला आहे. आणि बंधूंनो, तो दलाल परका नाही. तो आपल्याच भावकीतला काका आहे. परक्याच्या जुलमावर बोलायला जीभ चुरचुर चालते. घरच्यावर बोलायचे म्हटले की ती टाळूला चिकटते.

काका म्हणतात, "पोरांना अक्कल नाही, पैसा उडवतील." ठीक आहे, वयाचाच हिशोब मांडू. १८४८ साली मुलींची शाळा काढली तेव्हा जोतीराव एकवीस वर्षांचे आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. १८९४ साली कोल्हापूरचा कारभार हाती घेतला तेव्हा शाहू महाराज विशीतले होते. १८७७ साली 'दीनबंधु' काढणारे कृष्णराव भालेकर सत्तावीस वर्षांचे, आणि १९१० साली 'दीनमित्र' काढणारे मुकुंदराव पाटील पंचवीस वर्षांचे. आपण त्यांच्या उतारवयाच्या तसबिरी भिंतीला लावतो, म्हणून आपल्याला वाटते की ते जन्मतःच म्हातारे होते. कायदा एकवीस वर्षांच्या पोरीला ग्रामपंचायतीला उभी राहू देतो. आपण तिला मंडळाची खजिनदारही करीत नाही. मुलींना तर बैठकीचा निरोपसुद्धा जात नाही. बैठक रात्री नवाला, आणि वर म्हणायचे, मुली येत नाहीत.

शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. गोऱ्हा औताला शिकवायचा तर त्याला जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात. औत ओढायला आधी शिक आणि मग जू देतो, असे कोणी गोऱ्ह्याला म्हणत नाही. लोहाराचा पोरगा आधी भाता ओढतो हे खरे. पण बापाने एके दिवशी त्याच्या हाती हातोडा द्यावाच लागतो, नाहीतर बापामागे भट्टी विझते. जन्मभर भाताच ओढायचा असेल तर पोरगा तो पुण्याच्या कारखान्यात ओढील. तिथे निदान महिन्याचा पगार मिळतो. गावे रिकामी होतात ती अशी. २०२४ साली राज्याने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीही आरंभी सहा महिन्यांची. महिना ६००० ते १०,००० रुपये हाती पडले. मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न पोराचा एकट्याचा.

पोरांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. गटावर संदेश टाकणे म्हणजे काम नव्हे. बैठकीचे इतिवृत्त लिहायला, कीर्द ठेवायला आणि पावती फाडायला शिका. हिशोब मागणाऱ्याला स्वतःचा हिशोब देता आला पाहिजे. चिडून घरी बसलात तर किल्ली आहे तिथेच राहील.

आमची सूचना सोपी आहे. तिशी ओलांडलेल्यांनी मंडळाची पदे सोडावीत आणि सल्ल्यापुरते जवळ बसावे. नव्या कार्यकारिणीत निम्म्या मुली असाव्यात, आणि बैठक दिवसाउजेडी व्हावी. बदल अर्ज लगेच द्यावा. लिहायला अडचण पडली तर शाळेचा मास्तर कशाला आहे? बँकेत नव्या सह्या द्याव्यात आणि वर्षाची कीर्द ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. कार्यक्रमांच्या तारखा पेरणी आणि सोंगणी पाहून गावाने ठरवाव्यात आणि त्या लेखी कळवाव्यात. पोरे चुकतील, पाच-पन्नास रुपये वायाही जातील. थोरांच्या हातून आजवर किती गेले, त्याची कीर्द तरी कोणी वाचली आहे?

काकांनो, झाडू पोरांनी पुष्कळ दिवस धरला. आता किल्ली द्या.