कॅमेऱ्याला बिचकणाऱ्या माझ्या मास्तर मंडळींसाठी

दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत यावं, तर माझा वर्ग निम्मा झालेला असतो. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवतो. गेल्या वर्षी पटावर 28 पोरं होती, दिवाळीनंतर समोर 17. बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला. मार्च-एप्रिलात परततात तेव्हा अपूर्णांक संपलेले असतात आणि आपण शेरा मारतो, "पोरगं कच्चं आहे." पोरगं कच्चं नाही हो. आपण शिकवत होतो तेव्हा ते फडात होतं!

म्हणून 400 रुपयांचा मोबाइल स्टँड आणून फळ्यासमोर उभा केला. तर आपल्यातलेच काहीजण म्हणाले, "सर आता यूट्यूबर होणार!" हसा. पण मुद्द्याचं बोलू.

"लाइव्ह शिकवताना चुकलो तर?" चुकलो तर दुरुस्त करू. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाची सुनावणी 2022 पासून लोक लाइव्ह बघतायत. न्यायमूर्तींना चालतं, आपल्याला का नको?

"2020 मध्ये ऑनलाइन शिक्षण फसलं होतं." खरंय. पण तेव्हा शाळा बंद होती आणि शाळेच्या जागी मोबाइल होता. आता शाळा चालू आहे. जो वर्गात येऊच शकत नाही, त्याच्यासाठी मोबाइल आहे.

"फोन बापाकडे, बाप फडात." हेही खरं. म्हणून धडा दिवसा रेकॉर्ड करतो आणि रात्री 8 वाजता फक्त 20 मिनिटं लाइव्ह येतो, शंकांसाठी. एका रात्री कोपीतून एका पोरीने विचारलं, "सर, छेद वेगळे असले तर सरळ बेरीज का नाही करायची?" वर्गातल्या 17 जणांपैकी कुणीच हे विचारलं नव्हतं. नुसत्या व्हिडिओला ती हे विचारू शकली नसती. लाइव्हचा फायदा तो हाच.

अकरापैकी चारच पोरं नियमित येत होती. चारच! पण त्याआधी एकही नव्हतं.

आणि हे शहरातल्या शाळांचं काम आहे असं म्हणू नका. रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतून. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांनाच मिळाला.

तुमचा राग मला कळतो. ॲपवर माहिती भरून भरून मीही वैतागलोय. पण ती माहिती वरच्यांसाठी असते, हे पोरांसाठी आहे. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नका. उलट सरकारकडे ठणकावून मागू: डेटाचा खर्च शाळेला द्या, आमच्या खिशातून नको. आणि हे दाखवून हंगामी वसतिगृहं बंद करायचा विचारही कुणी करू नये. पोरगं गावात, शाळेत राहिलं तर सगळ्यात उत्तम.

पथ्यं दोनच. कॅमेरा फळ्यावर, पोरांच्या तोंडावर नाही. लिंक फक्त पालकांना.

यंदाही दिवाळीनंतर गाड्या भरतील, पोरं जातील. ते थांबवणं आपल्या हातात नसेल. निघण्याआधी त्यांच्या बापाचा नंबर लिहून घेणं तर आहे ना? तेवढं तरी कराच.