शिखराची उंची म्हणजे विवर्धन नव्हे

‘अमुक शहराखालची जमीन भूकंपाचा हादरा चार पटींनी वाढवील’ अशी वाक्ये बातम्यांत सर्रास आढळतात. हे ‘चार’ आले कोठून, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. पुष्कळदा एका भूकंपमापकाने अर्धा-पाऊण तास नोंदलेल्या सूक्ष्मकंपांतून ते काढलेले असते. आडव्या कंपनांना उभ्या कंपनांनी भागायचे, आलेखातील शिखराची उंची वाचायची आणि तीच ‘विवर्धन’ म्हणून नकाशात रंगवायची!

नाकामुरा यांनी १९८९ मध्ये प्रचारात आणलेली ही पद्धत टाकाऊ मुळीच नाही. शिखर कोणत्या वारंवारतेवर येते, हे ती बहुधा नीट सांगते. ५० मीटर जाडीच्या गाळात कातरतरंगांचा वेग सेकंदाला २०० मीटर असेल, तर वेगाला जाडीच्या चौपटीने भागून १ हर्ट्झ मिळतो. म्हणजे साधारण दहा मजली इमारतींनी सावध व्हावे. येथवर ठीक. पण भागाकारातील छेद, म्हणजे उभे कंपन, पृष्ठतरंगांच्या स्वभावामुळे शून्याजवळ गेले तरी शिखर उंचावते. त्या उंचीचा हादऱ्याच्या वाढीशी थेट संबंध कसा जोडणार?

शिवाय ‘किती पट’ हा प्रश्नच अपुरा आहे. २०१५ मध्ये काठमांडूच्या प्राचीन सरोवराच्या गाळाने चार-पाच सेकंदांची संथ आंदोलने उचलून धरली. जलद कंपने मात्र अपेक्षेहून क्षीण राहिली. तेथे कोणता एक आकडा छापावा? १९९५ मध्ये कोबे येथे खोऱ्याच्या काठाशी उपजलेले तरंग खालून येणाऱ्या तरंगांत मिसळले आणि विध्वंसाचा अरुंद पट्टा उमटला. वरच्या ३० मीटरांतील सरासरी वेगावर जमिनीची प्रतवारी करणाऱ्यांना हा काठ दिसतच नाही. गंगेच्या मैदानात, जेथे गाळ किलोमीटरांत मोजावा लागतो, तेथे तर ही प्रतवारी पाण्यात बोट बुडवून डोहाची खोली सांगण्यासारखी आहे.

दिल्लीत सोय निसर्गानेच केली आहे. रिजवर क्वार्ट्झाइट खडक उघडा पडलेला आहे, यमुनेपलीकडे जाड गाळ आहे. नेपाळसारख्या दूरच्या भूकंपाचे तरंग दोन्ही ठिकाणी नोंदून त्यांच्या वर्णपटांचे गुणोत्तर काढावे. ही रीत १९७० पासून ज्ञात आहे. तीव्र हादऱ्यात मऊ गाळ निराळा वागतो, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु तो सूक्ष्मकंपांना अधिकच लागू पडतो. तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, पुढचा रंगीत नकाशा पुढे पाठवण्यापूर्वी एवढे विचारा : यातला आकडा किती भूकंपांच्या नोंदींवर उभा आहे, आणि संदर्भाचा खडक कोणता?