मोडका ट्रॅक्टर कुणाच्या खात्यावर मांडायचा?



बँकेतला असो, शोरूममधला असो की कृषी प्रदर्शनाच्या मंडपातला असो, साहेब एक वाक्य हमखास ऐकवतो : "तुम्ही लोक यंत्राची निगा राखत नाही." पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करणाऱ्याला, बैलाचा खांदा सुजला तर रात्र जागून काढणाऱ्याला निगा शिकवायला हे निघाले! यंत्र का मोडते आणि मोडल्यावर कोण मरतो, याचा हिशेब आज आपणच मांडू.

जामखेड तालुक्यातला हस्ताच्या पावसानंतरचा एक दिवस घ्या. रानाला वाफसा आलेला. मालदांडीची पेरणी आज-उद्यात झाली तर ज्वारी साधली, नाही तर कडब्यालाही महाग. सकाळी ट्रॅक्टरचा सेल्फ फिरत नाही. चार माणसे लावून ढकलस्टार्ट. तीन एकर पेरून होतात न होतात तोच हायड्रॉलिकचा पाईप फुटतो. मोटारसायकल जामखेडला पळते. दुकानदार म्हणतो, माल नगरहून येईल, उद्या बघा. नगर म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तिकडे पहिल्या वेचणीचा कापूस भरून निघालेली पिकअप खर्ड्याच्या रस्त्याला क्लचप्लेट जळून उभी. रात्रभर कापूस उघड्यावर, वरून दव. दुसऱ्या दिवशी खरेदी केंद्रावर ओलावा मोजणारे यंत्र मात्र कधी बंद पडत नाही! ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात आणि १२च्या वर माल परत.

आता खर्च कुणाच्या नावावर पडला ते पाहा. ड्रायव्हरचा रोज तुमचा, हेलपाटे तुमचे, वाळलेला वाफसा तुमचा, कापसाची कपात तुमची. कंपनीचे काय गेले? उलट एक सुटा भाग खपला. कारखान्यात यंत्र बंद पडले तर त्याचा खर्च मालाच्या किमतीत चढतो. शेतकऱ्याचे यंत्र बंद पडले तर तो खर्च त्याच्या ताटातून उतरतो. आपल्या मालाची किंमत आपण ठरवत नाही, हे सारे त्याचेच फळ.

जुना, तिसऱ्या हाताचा ट्रॅक्टर शेतकरी हौसेने घेत नाही. कोरडवाहू शेतीत भांडवल साचूच दिले जात नाही, म्हणून घेतो. सरकारची तऱ्हा बघा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला आणि हंगाम तोंडावर असताना, १९ ऑगस्ट २०२५ पासून, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. आपला माल बाजारात यायची वेळ झाली की वेस सताड उघडी. आपल्याला सुटा भाग हवा असला की वेशीला कुलूप!

कराचेही तेच. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. तेव्हापासून ट्रॅक्टरवर १२ टक्के आणि त्याच्या टायरवर, बहुतेक सुट्या भागांवर १८ टक्के कर होता. म्हणजे जो नवा घेऊ शकतो त्याला कमी आणि जो जुना दुरुस्त करून ओढतो त्याला जास्त! व्यापारी भरलेला कर वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे दर ५ टक्क्यांवर आणले. चांगले झाले. पण आठ वर्षे जे घेतले त्याचे काय? आणि डिझेल अजूनही जीएसटीबाहेरच आहे. केंद्राचा कर वेगळा, राज्याचा वेगळा.

पुढचा धोका आणखी मोठा आहे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि इंजिनात संगणकावर चालणारी इंधनयंत्रणा शिरली. गावच्या मिस्त्रीच्या पान्याला ती जुमानत नाही. ट्रॅक्टर आपला, पण त्याची किल्ली कंपनीकडे. अमेरिकेतले शेतकरी याच कुलुपाशी भांडत आहेत. तिथल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला की शेतीयंत्राचे भाग, अवजारे आणि माहिती कंपनीने शेतकऱ्याला व स्वतंत्र मिस्त्रीला दिलीच पाहिजे. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून संगणकावर एक दालन उघडले, त्यात शेतीयंत्रांचे नावही घातले. पण दालनाने पाईप मिळत नाही. त्याला कायद्याचे बळ लागते.

तोवर हातात आहे ते वापरा. दुरुस्तीचे पक्के बिल घ्या. बदललेला भाग मागून घ्या. ट्रॅक्टर किती दिवस उभा राहिला ते लिहून ठेवा. स्वतःच्या पोटासाठी यंत्र घेणारा शेतकरी हा कायद्याने ग्राहकच आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फीदेखील नाही.

जिल्हा बैठकीत मागण्या ठणकावून मांडू : विकलेल्या यंत्राचे सुटे भाग ठरावीक वर्षे तालुक्याच्या ठिकाणी मिळालेच पाहिजेत, गावच्या मिस्त्रीला यंत्राची पूर्ण माहिती मिळाली पाहिजे, वॉरंटीतले यंत्र पेरणीच्या दिवसांत बंद पडले तर कंपनीने दुसरे उभे केले पाहिजे. आणि या सगळ्याच्या आधी, कापूस-ज्वारीला असा दाम मिळाला पाहिजे, की मोडके यंत्र घेण्याची वेळच येऊ नये.

सबसिडीचे गाजर नको. येताना दुरुस्तीची बिले घेऊन या. ढीग टेबलावर पडू द्या, मग निगा कुणी राखली नाही ते साहेबांनाच विचारू.